कारवी: घरामागच्या उतारावर लावावी का?

पाऊलवाट | ३ जून, सकाळी ९:१०

मंडळी, सल्ला हवा आहे.

मुळशीच्या बाजूला आमची वडिलोपार्जित थोडी जमीन आहे. घर सपाटीला आणि मागे लगेच चढ. गेल्या उन्हाळ्यात वाडीसाठी रस्ता निघाला तेव्हा चढाचा पायथा जेसीबीने कापला गेला. यंदा पाऊस मे संपायच्या आतच दारात आला आणि पहिल्याच झडीत तांबड्या मातीचा लोट पार ओसरीपर्यंत. गंमत म्हणजे कापलेल्या भागाच्या बरोबर वर कारवीचं दाट रान आहे, आणि तिथली माती जागची हललेली नाही. शेजारचे तात्या म्हणाले, "वरली कारवी हाय म्हनून डोंगर हाय."

तेव्हापासून डोक्यात आहे की कापलेल्या भागावर कारवीच लावावी. पण नर्सरीवाला हसला. म्हणाला, आठ वर्षांतून एकदा फुलणार आणि मरणार, त्यापेक्षा बोगनवेल लावा, बारा महिने रंग.

कुणी लावली आहे का? बी टाकायचं की रोपं? आणि सगळी एकदम फुलून एकदम मरते म्हणतात, मग त्या वर्षी उताराचं काय होतं? मला या शेवटच्या प्रश्नाची जास्त काळजी आहे.

उनाड_ठाणेकर | ३ जून, ९:३२

लावा बिनधास्त. फुलली की धागा वर काढा, आम्ही सगळे जेवायला येतो.

शेंगदाणा_कूट | ३ जून, ९:४०

८ वर्षांनी? तोवर आमची दातांची कवळी आलेली असेल, भाकरी मऊ ठेवा.

रानभैरी | ३ जून, ११:०५

पाऊलवाट, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण कारवीबद्दल बोलताना लोक फुलांपाशीच थांबतात.

कारवी (स्ट्रोबिलँथस कॅलोसा) अडुळसा, कोरांटी, अबोली यांच्याच कुळातली. सह्याद्रीत भरपूर पावसाच्या डोंगरउतारांवर, मोठ्या झाडांखाली आणि कड्यांच्या कडेने वाढते. पावसाळ्यात हिरवीगार, पाऊस संपला की पानं गळून नुसत्या वाळक्या काठ्या. नवख्याला वाटतं मेली. पुढच्या पावसात तीच पुन्हा पालवते. असं सात वर्षं चालतं. आठव्या वर्षी पाऊस ओसरू लागला की ऑगस्ट-सप्टेंबरात अख्खा डोंगर जांभळा-निळा होतो.

मग झाडं वाळतात, पण पडत नाहीत. वाळकी बोंडं झाडावरच राहतात, उन्हाळा काढतात आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात भिजली की फट्कन तडकतात. बी आजूबाजूला उडतं आणि त्याच ओल्या मातीत रुजतं. म्हणजे नवी रोपं वर येतात तेव्हा जुन्या काठ्या उभ्याच असतात आणि त्यांची मुळंही जमिनीत असतात. उतार उघडा पडत नाही.

उघडा पडतो तो माणसामुळे. फुलून गेल्यावरच्या उन्हाळ्यात ते सगळं रान म्हणजे वाळलेलं जळण. कुणी वणवा लावला तर बोंडं पावसाआधीच जळतात आणि त्या जागेची पुढची पिढीच जाते. तेव्हा मरणाऱ्या कारवीची काळजी करू नका, त्या एका उन्हाळ्यात आग लागू देऊ नका.

आणि बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. कुंपणावर शोभते, तुमच्या उतारावर तिचं काय काम?

माधवी_बोरिवली | ३ जून, १२:२०

रानभैरी +१

आमच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ ला फुलली. कान्हेरीच्या वरच्या अंगाला गेल्या सप्टेंबरात पाय ठेवायला जागा नव्हती, फुलांमुळे नव्हे, फोटोवाल्यांमुळे. कणसासारख्या तुऱ्यावर एकेक फूल उमलतं आणि तुरा बोटाला चिकटतो, वासही उग्र असतो. फोटोत हे काही येत नाही. पुढचं २०३२.

उनाड_ठाणेकर | ३ जून, १२:५१

बोंडांचं मी ऐकलंय, म्हणजे खरोखर कानांनी ऐकलंय. येऊरला (उद्यानाचीच ठाण्याकडची बाजू) रविवारी सकाळी सर येऊन गेली आणि थोड्या वेळाने आजूबाजूला तड् तड् सुरू झालं. आधी वाटलं झाडांवरून थेंब पडताहेत. मग एक बी माझ्या गालावर बसलं. एक न तडकलेलं बोंड तळहातावर घेतलं आणि त्यावर बाटलीतलं पाणी सोडलं. काही होईना. बायको म्हणाली चल आता. तेवढ्यात ते उघडलं आणि दोन्ही बाजू अशा झटक्यात फाकल्या की हात आपोआप मागे आला. आत बारीक आकडे असतात, त्यावर चपट्या बिया बसलेल्या. ते आकडेच बी भिरकावतात.

फुलांना गर्दी होते. या आवाजाला तिथे आम्ही दोघंच होतो.

शेंगदाणा_कूट | ३ जून, १:०२

भारीच! फुलं बघितली आहेत, हे माहीतच नव्हतं. या रविवारी जातो.

रानभैरी | ३ जून, १:१५

जा जरूर, फक्त बी खिशात घालून आणू नका. राष्ट्रीय उद्यानातलं पानसुद्धा तोडायचं नसतं.

जव्हारकर | ३ जून, ३:४५

इथे सगळे फुलांवर आणि बोंडांवर बोलताहेत. आमच्याकडे कारवी म्हणजे भिंत.

माझं लहानपण कुडाच्या घरात गेलं. मेढी म्हणजे लाकडी खांब रोवायचे, आडव्या बांबूच्या कामट्या बांधायच्या आणि त्यात कारवीच्या काठ्या उभ्या, एकीला एक लागून विणल्यासारख्या बसवायच्या. मग दोन्ही बाजूंनी शेणामातीचं लिंपण. स्वयंपाकाच्या बाजूला आई मुद्दाम वरचा हातभर भाग लिंपायची नाही, धूर तिथून निघून जायचा. मे महिन्यात त्या घरात पंखा लागत नव्हता. कारवीची काठी सरळ, हलकी आणि चिवट. चुलीवरच्या धुराने ती काळी झाली की किडा शिवत नाही.

शहरात ज्या वारली चित्रांच्या चादरी आणि कप विकतात ना, ती चित्रं मुळात याच भिंतींवरची. कुडावर लिंपण, त्यावर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाची रेघ. कारवी नसती तर ती भिंत नसती.

आता घरकुल योजनेत सिमेंटची घरं आली. चांगलं झालं, पावसात घर गळत नाही. पण ज्यांनी पत्र्याखाली दुपार काढली आहे त्यांना विचारा.

हिरवाई_पुणे | ३ जून, ४:३०

जव्हारकर, सुंदर लिहिलंय. पण एक बोलू का? घरासाठी कारवी तोडणं आता तरी थांबायला हवं. आठ वर्षं वाढणारं झाड फुलण्याआधी कापलं तर बी कुठून येणार? रिसॉर्टवाले हल्ली 'कारवी कॉटेज' म्हणून ट्रकच्या ट्रक काठ्या नेतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जव्हारकर | ३ जून, ५:१०

रिसॉर्टचं आमच्या माथी मारू नका. आमची माणसं वाळलेली काठी निवडून आणायची, मोळी डोक्यावर मावेल तेवढीच. एक भिंत कितीतरी वर्षं चालते, दर साली फक्त लिंपण नवं. फुलून गेलेल्या रानातली काठी तर मेलेलीच असते, ती बी झडल्यावर नेली तर कुणाचं काय जातं? ट्रकवाल्याला थांबवा, मी तुमच्यासोबत उभा राहतो. पण मोळीवालीला आणि ट्रकवाल्याला एका तराजूत घालू नका.

हिरवाई_पुणे | ३ जून, ५:२६

बी झडल्यावर काढलेली काठी, हे पटलं. त्याला माझा विरोध नाही. अभयारण्याच्या हद्दीत मात्र कायदा कायदाच.

जव्हारकर | ३ जून, ५:३१

तो आम्हाला तुमच्याआधी कळतो. दंड आम्हीच भरतो.

कडेलोट | ३ जून, ७:०० संध्या.

भटक्यांच्या वतीने दोन शब्द. पावसाळ्यात घसाऱ्यावरून चढताना हाताला येते ती कारवी. गवत उपटून येतं, दगड सुटतो, कारवीचं झुडूप बुंध्याशी धरलं तर उपटून येत नाही. हरिश्चंद्रगडापासून रतनगडापर्यंत कितीजणांचे जीव तिने वाचवले असतील. उलट बाजूही सांगतो: ऑगस्टात ढोरवाट कारवीत बुडते आणि समोरचा माणूस चार हातांवर दिसत नाही. पानं खरखरीत, उघड्या हातांना ओरखडे. फुल बाह्यांचा शर्ट घाला.

पाऊलवाट, तुमचे तात्या बरोबर बोलले.

सातारी_कंदी | ३ जून, ८:१५

कासला आम्ही बघितली ती हीच ना? गुडघ्याएवढी, गोल गोल.

रानभैरी | ३ जून, ८:२७

नाही, ती टोपली कारवी. बहीण म्हणा. उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर वाढते, उपड्या टोपलीसारखं गोलसर झुडूप, आणि सात वर्षांनी फुलते. पाऊलवाट यांच्या उताराला ती नको, उंच वाढणारी कारवीच हवी.

मोहोळ | ३ जून, ९:५०

मधाचं कुणीच कसं काढलं नाही!

मामांच्या सातेरी मधमाशांच्या पेट्या महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला असतात. कारवी फुलली की मधमाशांना दुसरं काही सुचत नाही. आग्या माशाही तिकडेच. तो मध गडद आणि दाट, चमचा उलटा केला तर सावकाश उतरतो. जांभूळ किंवा हिरड्याचा मध दर वर्षी मिळेल, हा नाही. मामा ते वर्ष आधीपासून धरून असतात, त्या हिशेबाने नव्या पेट्या बांधतात. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 'मधाचं गाव' झालं, तेव्हापासून गिऱ्हाईकही समजून विचारू लागलंय.

एक विनंती. बाजारात दर वर्षी 'शुद्ध कारवी मध' असं लेबल दिसलं तर विक्रेत्याला विचारा की या साली कुठल्या डोंगरावर फुलली होती. सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत हे खरं, त्यामुळे उत्तर असू शकतं. पण खऱ्या माणसाला ते लगेच देता येतं.

कोचीवाली | ४ जून, सकाळी ८:०५

आमच्याकडची नीलकुरिंजी याच घराण्यातली, तिचं चक्र १२ वर्षांचं. २००६ नंतर २०१८ ला फुलली, पुढची २०३०. मुन्नारजवळ एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात सगळ्यांत जास्त. २०१८ ला आम्ही ऑगस्टचं बुकिंग केलं होतं आणि त्याच महिन्यात केरळात महापूर आला, मुन्नारचे रस्ते तुटले. शेवटी ऑक्टोबरात गेलो तेव्हा उतरती फुलं मिळाली.

तिथल्या मुदुवन लोकांत वय कुरिंजीच्या फुलोऱ्यांवरून मोजायची पद्धत होती. आणि तमिळ संगम कवितेत डोंगराळ प्रदेशाला नावच 'कुरिंजी', प्रेमिकांच्या मीलनाच्या कविता त्याच प्रदेशाच्या. केरळ सरकारने २००६ मध्ये खास या झुडपासाठी कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं. आपल्या कारवीच्या नावाने असं काही का नसावं, हा विचार तेव्हापासून पाठ सोडत नाही.

चष्मेबहाद्दर | ४ जून, ९:४४

मुळात सगळी झुडपं एकाच वर्षी का फुलतात? वेगवेगळी फुलली तर माशांनाही दर वर्षी मध मिळेल.

रानभैरी | ४ जून, १०:२०

खाणाऱ्यांमुळे. रानकोंबड्या, उंदीर, किडे, सगळ्यांना बी आवडतं. दर वर्षी थोडं थोडं बी आलं तर खाणारे तेवढेच टिकून राहतात आणि सगळं फस्त करतात. सात वर्षं काहीच नाही आणि मग एकदम डोंगरभर बी, तर खाऊन खाऊन किती खातील? उरलेलं रुजतं. डॅनियल जॅन्झन या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये बांबूच्या फुलण्याबद्दल हेच मांडलं. जे झुडूप चुकून एक वर्ष आधी फुलतं त्याचं बी सगळं खाल्लं जातं, म्हणून वेळ पाळणाऱ्यांचीच पिढी पुढे सरकते.

चष्मेबहाद्दर | ४ जून, १०:४१

मग मिझोरमचा 'माउताम' हाच प्रकार! ४८ वर्षांनी बांबू फुलतो, उंदरांची पैदास बेसुमार वाढते आणि बी संपलं की ते शेतात घुसतात. १९५९ च्या दुष्काळात मदतीसाठी उभी राहिलेली मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट, तीच पुढे १९६१ ला मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६ ला बंड. एका फुलोऱ्यापासून राजकारण कुठवर गेलं पाहा.

नेपरव्हिलकर | ४ जून, ११:१५ (आमच्याकडे रात्र आहे)

आमच्या इलिनॉयमध्ये झाडांऐवजी किडे हे करतात. सिकाडा १७ वर्षं जमिनीखाली राहतात आणि एकाच वेळी वर येतात. गेल्या वर्षी, २०२४ ला आले होते. अंगणात उभं राहून फोनवर बोलता येत नव्हतं. पक्षी, खारी, कुत्री खाऊन खाऊन कंटाळली, तरी ढिगाने उरले. रानभैरी म्हणतात ते अगदी तसंच.

आणि इथल्या नर्सरीत 'पर्शियन शील्ड' नावाने एक जांभळ्या चकचकीत पानांचं कुंडीतलं झाड मिळतं, तेही स्ट्रोबिलँथसच, मूळचं म्यानमारचं. माझ्याकडे आहे. थंडीत घरात घ्यावं लागतं. आई आली की त्याला कारवीच म्हणते आणि मी सुधारत नाही.

पाऊलवाट | ४ जून, दुपारी २:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मिझोरम आणि इलिनॉय फिरून झालं, आता मुळशीला परत येऊया का? काल रात्री पुन्हा सर आली, अजून एक थर घसरला. आत्ता काय करू?

शेंगदाणा_कूट | ४ जून, २:३३

परत आलो, परत आलो.

मावळमाती | ४ जून, ४:५०

मी याच भागात मृदसंधारणाची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कारवी आत्ता लावून यंदाची माती थांबणार नाही. रोपाला मूळ धरायला वेळ लागतो आणि जेसीबीने केलेला कापीव भाग बहुधा उभा असतो. उभ्या कापावर कारवीच काय, काहीच टिकत नाही. तिथे आधी पायथ्याला सुक्या दगडांची ताल, म्हणजे आधाराची भिंत, रचा. सिमेंट नको, मागचं पाणी दगडांच्या फटींतून निघालं पाहिजे, नाहीतर भिंत फुगून पडते. आणि वरून येणारं पाणी कापावर पडण्याआधीच बाजूला वळवा. कापाच्या वर, कारवीच्या रानाच्या आणि कडेच्या मधल्या पट्ट्यात एक उथळ चर, हलका उतार देऊन बाजूच्या ओहोळाकडे. चर खोदताना कारवीची मुळं तोडू नका, चार हात अलीकडेच थांबा. हे काम पावसाची उघडीप बघून याच आठवड्यात करा.

दुसरं, तालीच्या मागे वाळा लावा. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि एका पावसाळ्यात पकड येते. त्याच्या वरच्या अंगाला निर्गुडीच्या काड्या टोचा, जून-जुलैत लागतात. गुरं निर्गुडीला तोंड लावत नाहीत.

तिसरं, कारवी. ती या सगळ्याच्या वर, जिथे चढ थोडा सौम्य आहे आणि मोठ्या झाडाची सावली पोहोचते तिथे येऊ द्या. 'येऊ द्या' म्हणतो, कारण वर रान आहे तर ते फुलेल त्या साली बी आपोआप खाली येणार. तोवर तिथे चराई आणि कोयता बंद ठेवा. घाई असेल तर रानाच्या कडेला तुमच्याच हद्दीत दाटीने आलेली कोवळी रोपं असतात, त्यातली काही मातीच्या गड्ड्यासकट उचलून भर पावसात हलवा. सगळी जगणार नाहीत. मोठं झुडूप उपटून लावायच्या भानगडीत पडू नका, मुळं तुटतात आणि जिथून काढलं तिथेही खड्डा पडतो.

नर्सरीवाल्याचा बारा महिने रंगाचा मुद्दा. तुम्हाला रंग हवाय की डोंगर जागेवर हवाय? कारवीची फुलं आठव्या वर्षी, पण माती ती पहिल्या सात वर्षांतही धरते. त्या सात वर्षांत तिचं कुणी नाव घेत नाही.

कडेलोट | ४ जून, ५:०५

हा प्रतिसाद छापून वाडीवाडीच्या समाजमंदिरात लावा.

जव्हारकर | ४ जून, ५:२०

ताल रचायला गावातली जुनी माणसं बोलवा. तात्यांनाच विचारा, त्यांच्या हातात ते असणार.

पाऊलवाट | ४ जून, रात्री ९:४०

तात्यांशी बोललो. उद्या सकाळी ते आणि त्यांचे भाऊ येताहेत, दगड ओढ्यातला न घेता रस्ता कापताना निघालेलाच वापरायचा ठरलंय. वरचं रान शेवटचं कधी फुललं तेही विचारलं. ते म्हणाले, थोरल्या नातीच्या बारशाला. ती आता पहिलीत आहे.

माधवी_बोरिवली | ४ जून, ९:५२

पहिलीत म्हणजे सहा-सात वर्षं. अहो, मग पुढच्या एक-दोन पावसांतच!

रानभैरी | ४ जून, ९:५५

नातीची जन्मतारीख नीट विचारून घ्या. आणि ज्या साली फुलेल त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, फेब्रुवारी उजाडायच्या आत, रानाभोवती जाळरेषा काढा, म्हणजे वणवा अडवायला गवत-पाचोळा काढलेला मोकळा पट्टा. वाडीला आत्तापासून सांगून ठेवा.

मोहोळ | ४ जून, १०:०८

साल पक्कं झालं की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मामा पेट्या घेऊन येतील.